३१ सह्यांच्या पत्राला चर्च कमिटीने काय उत्तर द्यावं?

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या एका जुन्या ख्रिस्ती मंडळीचे (म्हणजे चर्चच्या सभासदांच्या संस्थेचे) नवे सेक्रेटरी विचारताहेत. सव्वाशे कुटुंबं, मिशनच्या काळातलं दगडी चर्च, रस्त्याच्या अंगाला सात गाळे. ३१ सभासदांनी सह्या करून कमिटीला पत्र दिलंय. त्यांच्या तक्रारी अशा: पाच वर्षं निवडणूक नाही, २०१९ च्या पुरानंतर वार्षिक सभेत हिशेब वाचलेला नाही, गाळ्यांची अनामत कुठे गेली कळत नाही, आणि चेकवर सह्या फक्त पाळकसाहेबांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) व खजिनदारांच्या, त्यात खजिनदार म्हणजे पाळकांचे मेहुणे. पाळकसाहेब म्हणतात, ‘रविवारी उपदेश झाला की पाच मिनिटांत खुलासा करतो.’ एक वडील (मंडळीचे एल्डर, कारभारातले ज्येष्ठ) म्हणतात, सह्या करणाऱ्यांची नावं यादीतून काढा. तिसरे म्हणतात, वकिलाची नोटीस धाडा. सेक्रेटरी म्हणतात, मी काय करू?

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी ट्रस्टांचे हिशेब लिहितो, सत्तावीस वर्षं झाली. देवळं, दर्गे, वाचनालयं, तालमी आणि सात-आठ मंडळ्या. वकील नाही. एका मंडळीत सहा वर्षं खजिनदारही होतो आणि तिथे स्वतः एक घोळ घातलाय. तो पुढे सांगेन.

तुम्ही विचारलंय ‘काय उत्तर देऊ’. त्याआधी ठरायला हवं ते उत्तर कोण देणार. पत्रात ज्यांच्याबद्दल प्रश्न आहेत तेच उत्तराचा मसुदा करायला बसले असतील, तर तो मसुदा कितीही खरा असला तरी कोणी खरा मानणार नाही. तुम्ही नवे आहात, तुमची जुन्या कागदांवर सही नाही. म्हणून हे काम तुमच्याकडे आलंय हे बरंच झालं.

आणि घाबरू नका. आपल्याकडे सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका. सह्यांचं पत्र म्हणजे चाळीस फूट. माणसं अजून तुमच्या दारात आलीत, धर्मादाय कार्यालयात, म्हणजे चर्चसारख्या ट्रस्टांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात, गेलेली नाहीत. सामान वरच्या मजल्यावर न्यायची वेळ हीच, हे सांगलीकराला मी काय सांगायचं.

असल्या भांडणांच्या मुळाशी चोरी क्वचितच निघते, असा माझा अनुभव आहे. मूळ सवयीत असतं. मिशनच्या काळात सातारा-वाईकडे अमेरिकन मराठी मिशन आणि मिरज-सांगलीकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन होतं. पैसा एकाचा बॉस्टनहून यायचा, दुसऱ्याचा न्यूयॉर्कहून, आणि हिशेबही तिकडेच जायचा. म्हणजे हिशेब वर द्यायचा असतो हे आपल्या संस्थांच्या हाडीमासी मुरलं. बाकावर बसणाऱ्याने विचारायची रीतच पडली नाही, कारण पैसा त्याचा नव्हता. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना हे अवलंबून राहणं खुपत होतं. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. आज परदेशचा पैसा आटलाय. चर्च चालतं ते दशांशावर (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या दानावर), कापणीच्या सणाच्या अर्पणावर आणि गाळ्यांच्या भाड्यावर. पैसा बाकावरचा झाला, हिशेबाची तऱ्हा मात्र जुनीच राहिली. तुमच्या ३१ जणांचं म्हणणं या एवढ्यातच येतं.

आता पुलपिटवरच्या, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरच्या, खुलाशाबद्दल. तो होऊ देऊ नका. उपासनेत पाळकांना मध्येच थांबवून ‘साहेब, पावती दाखवा’ म्हणायची आपल्याकडे कोणाची छाती नाही. सगळे गप्प बसतील, पाळकसाहेबांना ती संमती वाटेल, आणि पुढच्या प्रभुभोजनाच्या रांगेत माणसं एकमेकांचे चेहरे चुकवतील. यादीतून नावं काढायचा विचार तर आत्ताच्या आत्ता सोडून द्या. हिशेब मागणं चर्चच्या कुठल्याही घटनेत (नियमावलीत) शिस्तभंगात बसत नाही. नाव काढलं तरी ती व्यक्ती ट्रस्टची लाभार्थी राहतेच, आणि लाभार्थीला धर्मादाय कार्यालयात जाता येतं. वकिलाच्या नोटिशीबद्दल एवढंच विचारतो, फी कोण देणार? त्याच ३१ जणांच्या दानातून जाईल.

माझा घोळ असा. चर्चची मंगलोरी कौलं बदलायला फंड काढला होता. वार्षिक सभेत एक निवृत्त सिस्टर उभ्या राहिल्या. सगळं आयुष्य इस्पितळात काढलेल्या, कडक बाई. म्हणाल्या, ‘कौलांच्या फंडाचं काय झालं?’ मी म्हणालो, ‘मावशी, माझ्यावर विश्वास नाही का?’ त्या खाली बसल्या. मला वाटलं मी जिंकलो. खरी गोष्ट अशी होती की त्या फंडातून मी थकलेलं लाइट बिल आणि पाळकांचा तीन महिन्यांचा पगार भागवला होता, नंतर भरून काढू म्हणून. एक रुपया घरी नेला नव्हता, पण कौलांसाठी दिलेला पैसा कौलांवर नव्हता आणि मला ते सभेत सांगायची लाज वाटली. पुढल्या वर्षी मावशींचं दानाचं पाकीट यायचं बंद झालं. त्यांच्या मागोमाग आणखी दहा-बारा. ‘विश्वास नाही का’ हे वाक्य मी तेव्हापासून कुठल्याही खजिनदाराला तोंडातून काढू देत नाही.

पहिलं पत्र आठ दिवसांत गेलं पाहिजे. चार-पाच ओळींचं, बचाव न करणारं. मी असं लिहीन: ‘आपलं अमुक तारखेचं पत्र मिळालं. ते कमिटीच्या अमुक तारखेच्या सभेत वाचून नोंदवलं आहे. आपल्या मुद्द्यांची पाहणी पुढील तीन व्यक्ती करतील. सहा आठवड्यांत लेखी अहवाल सर्व सभासदांना मिळेल. तोपर्यंत कमिटी गाळ्यांचा कोणताही नवा करार करणार नाही आणि नेहमीच्या खर्चापलीकडे पैसे काढणार नाही.’ शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. माणसांना भीती असते की आपण वाट बघत बसू आणि इकडे आणखी एक गाळा जाईल. ती भीती गेली की सहा आठवडे लोक थांबतात. पत्र ३१ जणांना हातोहात द्या, पोहोच घ्या, आणि एक प्रत चर्चच्या फलकावर लावा, कारण ज्यांनी सही केली नाही त्यांनाही तोच प्रश्न असतो.

तीन व्यक्ती कोण? एक कमिटीचा, एक सह्या करणाऱ्यांनी निवडलेला, एक बाहेरचा. बाहेरचा म्हणजे दुसऱ्या मंडळीचा खजिनदार किंवा बँकेतून निवृत्त झालेला कोणी, ज्याची तुमच्याकडे सोयरीक नाही. (आपल्या समाजात हा शेवटचा निकष अवघड आहे, मला माहीत आहे. तासगावात नाही मिळाला तर कराडात शोधा.) पाळकसाहेब या विषयापुरते अध्यक्षस्थानी नसावेत. काही चर्चांत पाळक पदसिद्ध अध्यक्ष असतात. तिथे घटनेत पर्याय काय आहे ते पाहावं लागेल आणि वरच्या कार्यालयाला आधी कळवावं लागेल. तुमची मंडळी उत्तर भारतीय मंडळीखाली (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आहे, की जुन्या प्रेस्बिटेरियन वळणाची सेशनवाली (वडिलांच्या सभेने चालणारी) आहे, की स्वतंत्र आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाळकांची नेमणूक, बदली आणि त्यांच्याविरुद्धची तक्रार कुठे जाते, हे सगळं त्यावर ठरतं. पैशाचा हिशेब मात्र कुठल्याही छत्राखाली सारखाच द्यावा लागतो.

इथे कोणीतरी मत्तय १८ काढणारच: भावाचा अपराध असेल तर आधी एकटं जाऊन बोला. बरोबर आहे, पण ते एकाने दुसऱ्याचा अपराध केला त्याबद्दल आहे. मंडळीच्या पैशाचा प्रश्न पडला तेव्हा काय झालं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. हेल्लेणी म्हणजे ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर सुरू झाली, आमच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना झापलं नाही, सगळ्यांना बोलावून सात जण निवडायला लावले. त्या सातांची नावं वाचा, स्तेफनपासून निकलावापर्यंत सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हातात वाटप दिलं. आणि पौलाने यरुशलेमेसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती पोहोचवायला मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, प्रभूसमोरच नाही तर माणसांसमोरही व्यवहार स्वच्छ दिसावा म्हणून. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय. कमिटीच्या सभेत वाद झाला तर हे दोन उतारे उघडा. ट्रस्ट कायद्यापेक्षा लवकर पटतात.

आता पैसा. यावर जरा जास्त लिहितो, कारण बाकीचे प्रश्न इथूनच फुगतात.

अनामतीपासून सुरुवात करा. सात गाळे, प्रत्येकी समजा एक लाख अनामत, म्हणजे सात लाख. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक ठिकाणी हे पैसे आले तेव्हा कुंपणाची भिंत किंवा पाळकगृहाचा स्लॅब अर्धवट होता, त्यात गेले. बिलंही असतात. मग कमिटी म्हणते ‘खाल्ले नाहीत, ही बिलं’, आणि सभासद म्हणतात ‘सात लाख कुठे आहेत’. दोघंही खरं बोलत असतात. अनामत ही ट्रस्टची मिळकत नसते, गाळेधारकाचं देणं असतं. ताळेबंदात ती देण्याच्या बाजूला दिसायला हवी आणि तेवढी रक्कम बँकेत उभी हवी. पुष्कळदा ती ‘देणगी’ म्हणून जमेला धरलेली सापडते. गाळेधारक सोडून जायला निघतो तेव्हा चर्चकडे परत द्यायला पैसे नसतात, मग नव्या गाळेधारकाकडून जास्त अनामत घेऊन जुन्याची भागवतात आणि चक्र सुरू राहतं. तुमच्या अहवालात एक साधा तक्ता द्या: गाळा नंबर, करार कधीचा, अनामत किती, रोख की चेक, कुठल्या तारखेला बँकेत, त्यातून काय खर्च झालं, आज देणं किती. ज्या ओळीत माहिती नाही तिथे ‘कागद सापडला नाही’ असं लिहा. रिकामी जागा सोडू नका, लोक ती आपल्या मनाने भरतात.

करारांचं एक बघा. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची मिळकत विकायची, बदलायची, बक्षीस द्यायची, किंवा शेतजमीन दहा वर्षांहून आणि बिगरशेती जागा वा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. कमिटीचा एकमताचा ठराव असला तरी मंजुरीची जागा तो घेत नाही. एकमेकांत विलीन होणाऱ्या चर्चांनाही हे चुकलेलं नाही. गुजरातमधल्या ब्रेदरन मंडळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं की विलीनीकरणाचा ठराव केला म्हणून ट्रस्टची मिळकत उत्तर भारतीय मंडळीकडे जात नाही, कायद्याची वाट धरावी लागते. तिथेही प्रश्न याच कायद्याखाली होता. तुमच्या गाळ्यांपैकी एखाद्याचा करार नऊ वर्षांचा निघाला तर तो लपवू नका. दुरुस्तीचा मार्ग वकिलाला विचारा. वकील लागतो तो अशा जागी.

दुसरं दान. रविवारचं दान कोण मोजतं? उत्तर ‘खजिनदार घरी नेऊन मोजतात’ असं असेल तर तो माणूस संत असला तरी पद्धत वाईट. उपासना संपली की चर्चमध्येच, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी मोजायचं, नोटांचे तपशील लिहायचे, दोघांच्या सह्या, आणि सोमवारी तीच रक्कम जशीच्या तशी बँकेत. त्यातून आधी फुलांचे, झाडूवालीचे पैसे द्यायचे नाहीत. ते वेगळ्या किरकोळ खर्चाच्या रकमेतून. एवढं एक केलं तर निम्मी कुजबुज आपोआप थांबते. दानाची रक्कम पुढच्या रविवारी फलकावर लिहा. काही जुन्या मंडळ्या हे शंभर वर्षं करत होत्या, मध्येच कोणाला तरी ते गावंढळ वाटलं.

तिसरं, ठरावीक कामासाठी आलेला पैसा. २०१९ च्या पुरात अनेक चर्चांकडे मदत आली, मुंबई-पुण्यातल्या मंडळ्यांकडून, कुठे परदेशातूनही. ती वेगळी ठेवली का, कोणाला किती दिली, वाटप यादीवर सह्या आहेत का? परदेशी नागरिकाकडून किंवा परदेशातल्या चर्चकडून पैसे आले असतील तर परकीय देणगी कायद्याची नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीपासून असे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला आपला भाचा यात येत नाही. एवढा फरक पुष्कळांना माहीत नसतो आणि त्यावरून उगाच गहजब होतो.

आता ‘दफ्तर पुरात गेलं’. सांगलीत हे खरं असू शकतं, म्हणूनच ते सोयीचंही झालंय. पण सगळं पुरात जात नाही. बँकेचे उतारे बँकेकडून मिळतात. ऑडिटरकडे त्याच्या रिपोर्टाची प्रत असते. वर्षाच्या वर्षाला ऑडिट रिपोर्ट दाखल केला असेल तर धर्मादाय कार्यालयात प्रत आहे. गाळेधारकांकडे त्यांच्या पावत्या असतात, आणि त्या ते फार जपून ठेवतात. एवढ्यातून हिशेबाचा सांगाडा उभा राहतो. जे खरंच गेलं त्याची यादी करा, तेव्हाचा पंचनामा असेल तर जोडा. २०२० नंतरचे हिशेब पुरात गेले असं कोणी म्हणालं तर मात्र हसू आवरा आणि वही मागा.

ऑडिट रिपोर्टबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ट्रस्टच्या ऑडिटरला ठरावीक प्रश्नांची उत्तरं लिहून द्यावीच लागतात. हिशेब नियमित लिहिलेत का, तपासणीच्या दिवशी हातातली रोख पुस्तकाशी जुळली का, निधी उद्देशाबाहेर वापरला का, पाच हजारांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का, सभांचं इतिवृत्त ठेवलंय का, कोणी विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का, कलम ३५ आणि ३६ पाळलंय का. तुमच्या ३१ जणांनी जे विचारलंय ते जवळजवळ सगळं यात येतं. सभेत ताळेबंदाचे आकडे वाचून लोकांना झोप आणण्यापेक्षा ही प्रश्नोत्तरं मराठीत वाचा. उत्तरांच्या जागी ऑडिटरने सरसकट ‘होय’ आणि ‘लागू नाही’ ठोकलं असेल तर ऑडिटर बदला. आणि कलम ३५ वरून आठवलं, चर्चची ठेव एखाद्या पतसंस्थेत असेल तर मुदत संपताच काढा. ट्रस्टचा पैसा शेड्यूल्ड बँकेत, पोस्टात किंवा मान्यता असलेल्या सहकारी बँकेत ठेवायचा असतो. पतसंस्था त्यात बसत नाही, व्याज कितीही जास्त असो आणि चेअरमन आपल्याच मंडळीतला असो.

खुर्चीचा प्रश्न. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढा, आजच अर्ज करा. ट्रस्टचे विश्वस्त म्हणून कोणाची नावं नोंदली आहेत ते त्यात दिसेल. मी असे उतारे पाहिलेत की त्यातली निम्मी माणसं स्मशानभूमीत आहेत. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा असतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. वीस वर्षं तो दिला नाही, की कागदावरचे विश्वस्त वेगळे आणि खुर्चीतले वेगळे. उशीर माफ करून घेता येतो, पण कारण द्यावं लागतं. निवडणूक घेण्याआधी हे बघा, नाहीतर नवी कमिटीही तशीच अधांतरी राहते.

निवडणुकीत खरं भांडण मतदार यादीवर होतं. सभासद कोण? दृढीकरण (मोठेपणी विश्वास जाहीर करण्याचा विधी) झालेला? वर्गणी भरणारा? पुण्यात नोकरीला गेलेला पण नाताळला येणारा? घटनेत जे असेल ते, आणि घटना गप्प असेल तर यादी आधी महिनाभर फलकावर लावून हरकती घ्या. त्या घेताना तीन माणसांच्या समितीतला बाहेरचा माणूस बसवा. यादी ठरण्याआधी तारीख जाहीर करू नका. मी एका मंडळीत पाहिलंय, तारीख आधी ठरली आणि शेवटच्या पंधरवड्यात चाळीस नवे सभासद झाले.

माणसाबद्दलचा प्रश्न सगळ्यात नाजूक. पाळकांविषयीच्या तक्रारीत बरेचदा पगाराची गोष्ट दडलेली असते. पगार चार-चार महिने थकतो, मग लग्न, अंत्यविधी, घरच्या प्रार्थना यात मिळालेलं पाकीट पाळक ठेवतात, आणि मंडळी म्हणते ते चर्चचं आहे. हे कोणाचं, हे लिहून ठरवलेलंच नसतं. ते ठरवा. पगार वेळेवर द्या आणि मग नियम लावा, तो क्रम उलटा केलात तर अन्याय होईल. मेहुणे खजिनदार असणं हा गुन्हा नाही, पण पाळक आणि मेहुणे या दोनच सह्या असणं टिकणार नाही. तिसरी सही घाला आणि कोणत्याही दोन चालतील असं करा, त्यात पाळक व मेहुणे ही जोडी वगळून. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात वडिलांविरुद्धचा आरोप दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय ऐकू नये म्हटलंय. तो नियम पाळकांच्या संरक्षणासाठी आहे आणि तो पाळा: निनावी चिठ्ठ्या, व्हॉट्सअॅपवरचे फॉरवर्ड अहवालात घेऊ नका.

एक अपवाद. पत्रात किंवा चौकशीत लहान मुलाच्या लैंगिक छळाची गोष्ट आली, तर ती तुमच्या समितीची नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहिती असलेल्या कोणीही पोलिसांना कळवायचं असतं, न कळवणं हाच गुन्हा आहे. मंडळीचं नाव जाईल म्हणून आत मिटवणाऱ्यांच्या बैठकीत बसू नका.

३१ जणांपैकी कोणी तरीही धर्मादाय कार्यालयात गेलं तर? जाऊ द्या. कोणी पहिल्या करिंथकरांसचा सहावा अध्याय (विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचू नये) काढून त्यांना दोषी ठरवेल. मी म्हणेन, ट्रस्ट नोंदवताना आपण स्वतःच त्या कार्यालयाला देखरेखीचा हक्क दिलाय. तिथे चौकशी होऊ शकते, हिशेब सतत न देणाऱ्या किंवा पैशाचा अपहार करणाऱ्या विश्वस्ताला कलम ४१ड खाली दूर करता येतं. पण या वाटेने वर्षं जातात. तुमचा अहवाल त्याआधी तयार असेल तर तिथेही तोच कामाला येईल. आणि समितीला खरंच अपहार सापडला, तर रक्कम गुपचूप परत घेऊन राजीनामा घ्यायचा मोह होईल. सगळ्यांना तेच सोयीचं वाटतं. मी तरीही तसं करू नका म्हणेन, कारण ती रक्कम तुमची नाही, माफ करायचा अधिकारही कमिटीचा नाही.

अहवाल आला की सभा. इथे एवढंच सांभाळा: प्रती आठ दिवस आधी घरोघर, उपासनेचा दिवस नको, शनिवारची संध्याकाळ बरी. सभा चालवायला तो बाहेरचा माणूस. प्रश्न लेखी घ्या म्हणजे स्त्रीमंडळातल्या बायकाही विचारतील. हात वर करून बोलायचं म्हटलं की तेच पाच पुरुष बोलतात. पाळकसाहेबांना उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्या, त्यांनाही ऐकून घेतलं असं वाटलं पाहिजे. इतिवृत्त तिथेच वाचून सह्या घ्या.

तुमच्या हातात आज काय आहे, तर कमिटीची एक सभा आणि तीन अर्ज. सभेत पत्र नोंदवून तिघांची नावं ठरवा. अर्ज तीन: बँकेला २०१९ पासूनच्या उताऱ्यांसाठी, धर्मादाय कार्यालयाला परिशिष्ट एक आणि घटनेच्या नकलेसाठी, ऑडिटरला त्याच्याकडच्या रिपोर्टांच्या प्रतींसाठी. बँक अर्जावर खातेदारांच्या सह्या मागेल, म्हणजे पाळकसाहेबांची आणि मेहुण्यांची. त्या सह्या घ्यायला तुम्ही एकटे जाऊ नका, एका वडिलांना सोबत न्या, चहा घ्या आणि अर्ज पुढे ठेवा. ते सही लगेच करतात की ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणतात, त्यावरून पुढचं पुष्कळसं कळेल. मागचा एक जुना चेकबुकाचा अर्धवट गठ्ठा आणि पावतीपुस्तकांची स्थळप्रतही त्याच भेटीत मागून घ्या.